पुणे डिव्हिजन बसऱ्याला गेली तेव्हा मागं काय राहिलं

ब्रिटिश हिंदुस्थानी लष्कराच्या 1914 सालच्या यादीत ती ‘6 वी (पुणे) डिव्हिजन’ म्हणून सापडते. कंसातलं पुणे हा तिचा पत्ता होता आणि कामही. तिच्या तीन ब्रिगेडची (ब्रिगेड म्हणजे चार पलटणींचा गट) नावं पुणे, अहमदनगर आणि बेळगाव. पहिल्या महायुद्धात, 16 ऑक्टोबर 1914 रोजी यातली पहिली ब्रिगेड मुंबई बंदरातून निघाली. 29 एप्रिल 1916 रोजी तैग्रिस नदीच्या एका वळणावर, आजच्या इराकमधल्या कूत-अल-अमारा या गावात, ही सगळी डिव्हिजन तुर्कांच्या स्वाधीन झाली.

याचं खापर बहुतेक वेळा तिचा तेव्हाचा प्रमुख मेजर जनरल टाउनशेंड याच्या महत्त्वाकांक्षेवर फुटतं. महत्त्वाकांक्षा होतीच, भरपूर होती. पण तो माणूस बाजूला काढून नुसती लष्कराची मांडणी पाहिली तरी हे गाडं कुठंतरी रुतणारच होतं, असं दिसतं. छावणीतून पलटणी उचलल्या, छावणी जे करत होती ते उचललं नाही.

ही मांडणी आली कुठून

1895 पर्यंत हिंदुस्थानात बंगाल, मद्रास आणि मुंबई अशी तीन इलाख्यांची तीन वेगळी लष्करं होती. 1 एप्रिल 1895 ला ती मोडून पंजाब, बंगाल, मद्रास आणि मुंबई अशा चार कमांड झाल्या. 1902 मध्ये लॉर्ड किचनर सरसेनापती म्हणून आला. 1903 मध्ये त्यानं सगळ्या पलटणींना सलग क्रमांक दिले. मुंबईच्या पायदळ पलटणींच्या जुन्या आकड्यात सरळ शंभर मिळवले: 3 ची झाली 103 वी मराठा लाइट इन्फंट्री, 10 ची 110 वी, 17 ची 117 वी मराठा.

क्रमांकांपेक्षा महत्त्वाचा बदल पुढचा. छावण्या आणि ब्रिगेडी यांची मोट बांधून किचनरनं नऊ डिव्हिजन उभ्या केल्या. वायव्य सरहद्दीवर रशिया किंवा अफगाणिस्तानशी लढाई झाली तर आगगाडीत बसून एकामागून एक पुढं सरकायचं, हा हिशेब. 1907 च्या सुमारास या डिव्हिजन नॉर्दर्न आर्मी आणि सदर्न आर्मी अशा दोन भागांत वाटल्या. पुणे, महू, सिकंदराबाद आणि क्वेट्टा या सदर्नमध्ये होत्या.

गोम इथं आहे. या दोन आर्मींच्या प्रमुखांना तपासणी आणि प्रशिक्षण एवढंच काम दिलं होतं. रसद, वाहतूक, दवाखाने, दारूगोळा यांसाठी त्यांच्या हाताखाली कचेरीच नव्हती. डिव्हिजनचा प्रमुख त्यासाठी थेट सिमल्याच्या मुख्यालयाशी पत्रव्यवहार करायचा. वरच्या टोकाला किचनरनं व्हाइसरॉयच्या कौन्सिलातला लष्करी सदस्य काढून टाकला. याच भांडणात 1905 मध्ये लॉर्ड कर्झननं राजीनामा दिला. 1909 पासून लढायचं कसं आणि पुरवायचं कसं हे दोन्ही प्रश्न एकाच टेबलावर आले. शांततेत हे चालून गेलं. 1914 मध्ये त्या टेबलामागं जनरल सर बोशाम्प डफ होता, आणि फ्रान्स, पूर्व आफ्रिका, इजिप्त, मेसोपोटेमिया (आजचं इराक) अशा चार दिशांची फौज त्याला एकट्याला सांभाळायची होती. किचनर तोवर लंडनला युद्धमंत्री झाला होता.

कागदावरची डिव्हिजन

16 व्या ब्रिगेडमध्ये 2 री डॉर्सेट, 20 वी पंजाबी, 104 वी वेलस्ली रायफल्स आणि 117 वी मराठा. 17 व्या ब्रिगेडमध्ये 1 ली ऑक्सफर्ड अँड बकिंगहॅमशर, 22 वी पंजाबी, 103 वी मराठा आणि 119 वी. 18 व्या ब्रिगेडमध्ये 2 री नॉर्फोक, 7 वी राजपूत, 110 वी मराठा आणि 120 वी राजपुताना. प्रत्येक ब्रिगेडमध्ये एक गोरी पलटण आणि तीन देशी, हे 1857 नंतरचं ठरलेलं प्रमाण. यांच्या जोडीला 48 वी पायोनियर, 33 वा रिसाला, बॉम्बे सॅपर्सच्या दोन कंपन्या आणि तोफखाना.

तोफखान्यापाशी थांबायला हवं. त्या काळच्या ब्रिटनमधल्या डिव्हिजनकडे 18 पौंडी तोफा 54, साडेचार इंची हॉवित्झर 18 आणि 60 पौंडी 4, अशा 76 तोफा असायच्या. पुणे डिव्हिजनकडे 18 पौंडी तोफांच्या तीन बॅटऱ्या, म्हणजे 18 तोफा, आणि खेचरांवरून नेता येणाऱ्या डोंगरी तोफा. सरहद्दीच्या टेकड्यांत पठाणांशी लढायला एवढं पुरतं. ‘डिव्हिजन’ हा शब्द मात्र दोन्हीकडे एकच, आणि लंडनच्या नकाशावर दोन्हींना एकच टाचणी.

दुसरी कमतरता अधिकाऱ्यांची. देशी पलटणीत सातशे-साडेसातशे शिपाई, सुभेदार-जमादार सोळा-सतरा आणि ब्रिटिश अधिकारी बारा-तेरा. गोऱ्या पलटणीत तोच आकडा दुपटीहून जास्त. एका सकाळच्या हल्ल्यात सहा ब्रिटिश अधिकारी पडले की देशी पलटण अर्धी डोकं नसलेली व्हायची. सुभेदाराला वीस वर्षांचा अनुभव असला तरी मोठ्या हुद्द्याची कमान त्याच्याकडे द्यायची नाही, असा नियम. भरतीलाही खोली नव्हती: राखीव शिपाई थोडे, वयानं उतरलेले, आणि कोकणातला-देशावरचा मराठा रंगरूट त्याची भाषा बोलणाऱ्या पलटणीतच घालायचा, म्हणून दुसऱ्या जातीची भर इकडं चालत नसे.

तुकड्या तुकड्यांनी

ब्रिगेडियर जनरल डेलामेनची 16 वी ब्रिगेड आधी बहारीनजवळ जहाजांतच वाट पाहत राहिली आणि 6 नोव्हेंबरला आखाताच्या टोकाला फाओ इथं उतरली. पाठोपाठ लेफ्टनंट जनरल बॅरेट बाकीची डिव्हिजन घेऊन आला. नोव्हेंबर संपायच्या आत बसरा हाती आलं, 9 डिसेंबरला कुर्ना. काम खरं तर झालं होतं: इराणच्या तेलवाहिनीचं टोक सुरक्षित, बंदर ताब्यात.

यानंतर आखातातल्या त्या एका डिव्हिजनचं रूपांतर हळूहळू कोअरमध्ये झालं. एप्रिल 1915 मध्ये सगळ्या मोहिमेचा प्रमुख म्हणून जनरल सर जॉन निक्सन आला. तो सदर्न आर्मीचा माजी प्रमुख, म्हणजे पुण्याच्या डिव्हिजनची तपासणी ज्यानं केली होती तोच. तपासणी केली होती, पुरवठा कधी केला नव्हता. 12 वी डिव्हिजन गोरिंजच्या हाताखाली जागच्या जागी उभी केली गेली. तिला ब्रिगेड तीन मिळाल्या, स्वतःचा तोफखाना नाही. म्हणजे कागदावर दोन डिव्हिजनचं कोअर, प्रत्यक्षात एका डिव्हिजनच्या तोफा दोघींत वाटलेल्या. कोअर म्हणजे दोन-तीन डिव्हिजनवरचं मुख्यालय. त्याचा खरा उपयोग मागच्या वाटा, गोदामं आणि दवाखाने सांभाळण्यात असतो. निक्सनच्या मुख्यालयाचं तोंड मात्र पुढं, बगदादकडे होतं. डफनं त्याला सूचनांतच बगदादवरच्या चढाईचा आराखडा मागितला होता, आणि या सूचना लंडनला आधी दाखवलेल्या नव्हत्या.

एप्रिलमध्ये शैबाची लढाई जिंकली. तिथं 110 वी आणि 117 वी मराठा होत्या. डिव्हिजन आता टाउनशेंडकडे आली. मे अखेरीस पुराच्या पाण्यातून शेकडो बेलम, म्हणजे लांबट होड्या, वल्हवत 17 वी ब्रिगेड कुर्नाच्या वर सरकली. 3 जूनला अमारा पडलं, 25 जुलैला नासिरिया, सप्टेंबर अखेरीस कूत. प्रत्येक विजयाबरोबर पुरवठ्याची दोरी लांबत होती, आणि जिंकत असलेल्या सेनापतीला दोरी मोजायला कोण सांगणार?

बोटींचा हिशेब

बसऱ्यात मोठी जहाजं लागतील असा धक्का नव्हता. माल नदीच्या मध्यावर महेला नावाच्या देशी गलबतांत उतरायचा, तिथून काठावर, तिथून परत नदीतल्या बोटींत. रेल्वे नाही, पक्का रस्ता नाही. बसरा ते बगदाद नदीनं सुमारे 800 किलोमीटर. उन्हाळा संपता संपता पाणी इतकं उतरायचं की साडेतीन फुटांपेक्षा जास्त पाणी लागणारी बोट वाळूत बसायची. प्रत्येक आगबोटीच्या दोन्ही अंगांना एकेक बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालाची होडी, बांधलेली, त्यामुळे अरुंद भागात समोरून बोट आली तर एकीनं थांबायचंच.

ढोबळ आकडा मांडून पाहू. समजा पुढं 12,000 माणसं आहेत, शिपाई आणि बाजारबुणगे धरून. माणशी सगळा शिधा मिळून 3 पौंड धरले तर 36,000 पौंड, म्हणजे 16 टन. 3,000 जनावरांना दाणा-वैरण प्रत्येकी 18 पौंड: 54,000 पौंड, 24 टन. रोजचे 40 टन, आणि यात दारूगोळा, सरपण, औषधं नाहीत. माणसांपेक्षा खेचरं जास्त खातात, आणि बोटी कमी पडल्या की खेचरांवर भार वाढतो, म्हणजे पुन्हा वैरण वाढते. ज्यानं बैलगाडीनं लांबचा बाजार केला आहे त्याला हे चक्र समजावून सांगावं लागत नाही.

निक्सननं जुलै 1915 मध्ये दोन्ही बाजूंना चाकं असलेल्या 6 आगबोटी, मागं चाक असलेल्या 3, ओढून नेणाऱ्या 8 टग आणि 43 बार्ज मागितल्या. त्या बांधून यायला पुढचं वर्ष उजाडणार होतं. बसरा-नासिरिया रेल्वेची मागणी हिंदुस्थान सरकारनं खर्चाच्या कारणावरून नाकारली. इथं किचनरच्या मांडणीचं फळ दिसतं. युद्धाआधी पुरवठ्याच्या बाजूनं बोलणारा स्वतंत्र सदस्य कौन्सिलात असता, तर ‘बोटी नाहीत तर चढाई नाही’ हे वाक्य तिथं कुणीतरी उच्चारलं असतं. आता चढाई ठरवणारा आणि बोटी मागणारा एकच माणूस होता, आणि तो सिमल्यात बसून होता. डफ एकदाही बसऱ्याला गेला नाही.

टेसिफॉन ते लज्ज

22 नोव्हेंबर 1915. बगदाद चाळीस किलोमीटरवर. टाउनशेंडनं आपली डिव्हिजन अधिक 12 वीकडून उसनी घेतलेली 30 वी ब्रिगेड आणि घोडदळ घेऊन टेसिफॉन इथल्या तुर्की फळ्यांवर हल्ला केला, आणि त्यासाठी ब्रिगेड मोडून तीन कॉलम आणि एक फिरतं पथक बनवलं. पलटणी अनोळखी सेनानीच्या हाताखाली गेल्या. पहिली फळी घेतली, दुसरी घेता आली नाही, आणि जवळपास 4,600 माणसं मेली किंवा जखमी झाली. ही संख्या पायदळाच्या निम्म्याहून जास्त होती.

जखमींचं पुढं काय झालं हे बारकाईनं पाहण्यासारखं आहे, कारण ‘छावणी मागं राहिली’ म्हणजे काय ते तिथं कळतं. हिंदुस्थानी डिव्हिजनकडे रुग्णवाहिका गाड्या नव्हत्या. शांततेत डोलीवाले कहार आणि जवळचा छावणीचा दवाखाना यांवर भागायचं. टेसिफॉनला जखमींना मिळाली ती एटी कार्ट: दोन लोखंडी चाकं, स्प्रिंग नाही, तळाला पट्ट्या, पुढं दोन खेचरं. ही गाडी पिठाची पोती वाहायला केलेली. मांडीचं हाड मोडलेला शिपाई तिच्यात आडवा टाकला, वर दुसरा, आणि गाडी रानातून, कोरड्या पाटांवरून पंधरा-सोळा किलोमीटर लज्जच्या नदीकाठाकडे निघाली. काहींनी गाडीतून उतरून रांगत जाणं पत्करलं.

नदीकाठी दवाखाना-बोट नव्हती. दारूगोळा आणि जनावरं उतरवून मोकळ्या झालेल्या बोटी आणि बार्ज मिळाल्या, न धुतलेल्या. लोखंडी डेकवर, बहुतेकांच्या अंगाखाली काही नाही, बसऱ्यापर्यंत काहींना जवळजवळ दोन आठवडे लागले. बसऱ्यात मेजर कार्टर नावाचा इंडियन मेडिकल सर्व्हिसचा डॉक्टर मेजिदिया ही बोट येताना पाहत होता. तिच्या बाजूंना दोर लोंबतायत असं त्याला वाटलं. जवळ आल्यावर कळलं की ती विष्ठा होती. जखमींना हलता येत नव्हतं, कठड्याला टेकून जे बाहेर पडलं ते वाळून लोंबत होतं. त्यानं हे लेखी कळवलं तेव्हा वरिष्ठांनी त्यालाच दम दिला. 1917 मध्ये या मोहिमेची चौकशी करणाऱ्या मेसोपोटेमिया आयोगाच्या अहवालात त्याची साक्ष छापली गेली आणि भारतमंत्री ऑस्टिन चेंबरलेननं राजीनामा दिला.

सोडवायला आलेलं कोअर

3 डिसेंबरला डिव्हिजन माघारी कूतमध्ये आली. घोडदळ बाहेर काढून दिलं आणि 7 तारखेला वेढा पुरा झाला. आत आता 6 वी डिव्हिजन, 30 वी ब्रिगेड, आणि गावातले सुमारे 6,000 रहिवासी.

टाउनशेंडनं आरंभी शिधा साधारण दोन महिन्यांचा कळवला. हा आकडा घातक ठरला. तो खरा मानून, वेढा फोडायचं काम दिलेल्या जनरल एल्मरनं घाईनं ‘तैग्रिस कोअर’ उभं केलं. फ्रान्सहून 3 री (लाहोर) आणि 7 वी (मेरठ) डिव्हिजन येत होत्या, पण जहाजांच्या सोयीनं: पलटण आधी, तिच्या ब्रिगेडचं मुख्यालय महिन्यानं, तोफा तिसऱ्याच जहाजात. बसऱ्यात उतरलेली पलटण पुढं चालत निघायची आणि वाटेत ज्या ब्रिगेडला माणसं हवी असतील तिच्यात बसवली जायची. त्या ब्रिगेडचा स्टाफ असाच इथूनतिथून गोळा केलेला. पलटणीचा कर्नल आपल्या ब्रिगेडियरला पहिल्यांदा भेटायचा तो हल्ल्याच्या आदल्या रात्री.

शेख साद, वादी, मग 21 जानेवारी 1916 ला हन्ना. हन्नाला पावसानं चिखल झाला होता, थोड्याच तोफांनी थोडा मारा केला आणि एका दिवसात सुमारे 2,700 माणसं पडली. कूतमध्ये पोचू न शकलेली नॉर्फोक आणि डॉर्सेटची भर एकत्र करून एक मिश्र पलटण केली होती, तिला ‘नॉरसेट्स’ म्हणत. हिंदुस्थानी पलटणींच्या उरल्यासुरल्या भरतीच्याही अशाच मिश्र पलटणी झाल्या.

आणि जानेवारीच्या शेवटी टाउनशेंडनं गावातली घरं झडती घेऊन धान्य मोजलं. शिधा 84 दिवसांचा निघाला! कोठार मोजणं हे वेढ्याच्या पहिल्या दिवसाचं काम. ते दीड महिना आधी झालं असतं तर एल्मरला डिव्हिजन जुळवायला वेळ मिळाला असता. सोडवणुकीच्या प्रयत्नांत एकूण सुमारे 23,000 माणसं कामी आली किंवा जखमी झाली. आत अडकलेली साधारण 13,000 होती.

आतलं ताट

कूतमध्ये एकाच वेढ्यात दोन वेगळे रोग झाले. गोऱ्या पलटणींना मैद्याचा पाव आणि घोड्याचं मांस मिळत होतं, त्यांच्यात बेरीबेरी. देशी पलटणींना आटा होता, पण मांस आणि भाजी नाही, त्यांच्यात स्कर्व्ही. पुढं गोऱ्यांच्या पावातही जवाचं पीठ आणि आटा मिसळावा लागला तेव्हा त्यांची बेरीबेरी ओसरली. देशी शिपाई घोड्याचं मांस घेईनात. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या संमतीच्या तारा मागवल्या, तरी बहुतेकांनी ते खाल्लं एप्रिलमध्ये, तोवर अंगात काही उरलं नव्हतं. गावाला घरी काय तोंड दाखवू, ही भीती तारेनं जात नाही. भाजी म्हणून रानपाला शिजवायचे. 17 व्या ब्रिगेडचा प्रमुख हॉटन अशाच विषारी पाल्यानं दगावला.

एप्रिलच्या उत्तरार्धात विमानांतून पोती टाकली, एकूण सुमारे 16,800 पौंड. इतक्या तोंडांना ते एका दिवसाच्या पोटभर जेवणालाही पुरणारं नव्हतं. 24 एप्रिलच्या रात्री जुलनार ही आगबोट 270 टन धान्य घेऊन निघाली आणि कूतच्या अलीकडे पकडली गेली. पाच दिवसांनी डिव्हिजननं हत्यारं ठेवली. वेढा 147 दिवस चालला होता. कैदेत गेलेल्या ब्रिटिश शिपायांपैकी 1,700 हून अधिक परतले नाहीत. देशी शिपाई मोसुलवरून रास-अल-ऐनच्या रेल्वेकामावर चालवत नेले गेले, आणि त्यांतले हजारो वाटेत आणि छावण्यांत गेले.

काय बदललं

फेब्रुवारी 1916 मध्येच कारवाईची सूत्रं लंडनच्या वॉर ऑफिसनं घेतली, पुढं त्याच वर्षी पुरवठाही. बसऱ्यात धक्के बांधले, हलकी रेल्वे टाकली, बोटी आल्या. नवा सेनापती जनरल मॉडनं ऑगस्टमध्ये कमान घेतल्यावर डिसेंबरपर्यंत हल्लाच केला नाही. 11 मार्च 1917 ला बगदाद घेतलं ते त्याच नदीवरून आणि बऱ्याच अंशी त्याच जातीच्या पलटणींनी. 6 वी डिव्हिजन मात्र रणांगणावर परत उभी झाली नाही. पुण्यात उरला तो नुसता मुलूख सांभाळणारा विभाग.

1920 मध्ये हिंदुस्थानात पुन्हा चार कमांड आल्या: नॉर्दर्न, सदर्न, ईस्टर्न, वेस्टर्न. या वेळी कमांडच्या प्रमुखाला रसद-दवाखान्यांचा कारभार आणि त्यासाठीचा स्टाफ दिला. बाहेर लढायला जाणारी फील्ड आर्मी वेगळी आणि जिल्हा सांभाळणारी फौज वेगळी, अशी फाळणी झाली. सदर्न कमांड पुण्यात आली आणि अजून तिथंच आहे.

1922 मध्ये मराठा पलटणी एका छत्राखाली आल्या: 103 वी झाली 5 व्या मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली, 110 वी तिसरी, 117 वी पाचवी. 114 वी मराठा झाली दहावी. तिला लढायला पाठवायचं नव्हतं. बाकीच्या पाचांसाठी बेळगावात रंगरूट तयार ठेवणं हेच तिचं काम.